भोरच्या मशिनांची इर्जिक

आबा, तुम्ही गेलात तेव्हा धाकटा माझ्या पोटात होता. आता त्या धाकट्याला टक्कल पडलंय, त्यावरून किती काळ गेला ते तुम्हीच काढा, हिशेबात तुम्ही माझ्यापेक्षा बरे होता. मला तुम्ही दुसरीतून काढलंत म्हशी राखायला. त्याबद्दल आता काही म्हणायचं नाही, म्हशीही मेल्या आणि मास्तरही मेले. पण त्यामुळं ह्या पत्रात एखादा काना इकडचा तिकडं झाला तर तो तुमच्या खात्यावर धरा. पेन नातीचं आहे. खुर्ची क्लासची आहे, ती गोल फिरते, म्हणून दोन्ही पाय जमिनीला रोवून लिहितेय. कुणी बघितलं तर म्हणंल म्हातारी पत्र लिहितेय का लढाईला निघालीय.

क्लास म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही हितंच अडकाल. धाकट्याची बायको किकवीची, कॉलेज शिकलेली. लग्नात मला वाटलं होतं ही चुलीपुढं बसायची नाही. बसली नाहीच, गॅस आणला. मग भोरात एसटी स्टँडच्या मागं गाळा घेऊन कॉम्प्युटरचा क्लास काढला. कॉम्प्युटर म्हणजे वर टीव्हीसारखं तोंड, खाली एक पत्र्याची पेटी, आणि सगळं डोकं त्या पेटीत. सकाळी आणि संध्याकाळी पोरंपोरी शिकायला येतात, मधल्या वेळात मशिनं रिकामी. मी दुपारचा डबा घेऊन जायची आणि तिथंच लवंडायची, कारण पंखा चांगला होता. एक दिवस गेले तर क्लासात माणूस नाही आणि सगळ्या पेट्या घुंई घुंई करतायत. मी म्हणाले, "अगं, बंद करायची राहिली." ती म्हणाली, "राहिली न्हाईत आत्या, मुद्दाम चालू ठेवल्यात. रिकामी बसतात म्हणून कामाला लावली." मी विचारलं, "कुणाच्या कामाला?" तर म्हणते, "सगळ्यांच्या."

मग लसूण सोलता सोलता तिनं मला ते सांगितलं. माणसाच्या अंगात म्हणे बारीक बारीक माळा असतात. प्रत्येक माळेची एक ठरलेली घडी असते. घडी चुकली की माणसाला रोग होतो, कुणाला विसर पडतो, कुणाचे हात कापतात. घडी का चुकते ते शोधायचं तर इतका मोठा हिशेब करावा लागतो, की परदेशातल्या शास्त्रज्ञांच्या मोठ्या मशिनालाही तो पुरा होत नाही. म्हणून त्यांनी त्याचे तुकडे केले आणि जगात ज्याच्या त्याच्या घरी वाटून दिले. आपलं मशीन रिकामं असलं की त्यातला एक तुकडा करायचा, फोनच्या तारेतून परत पाठवायचा, दुसरा घ्यायचा. मजुरी नाही. तिच्या वडलांचे हात कापायचे, आबा. किकवीला गेले की मी बघायची, चहाची बशी त्यांना धरता यायची नाही, लेक पाजायची. ती स्वतःच म्हणाली, "दादांना ह्याचा उपयोग व्हायचा न्हाई, ते कळतंय मला. पण नुसतं बघत बसण्यापरीस बरं." मी लसूण खाली ठेवला आणि म्हणाले, "ही तर इर्जिक हाय."

तिला इर्जिक माहीत नव्हती. हायवेच्या कडेची पोर, तिला कुठून माहीत असणार. तिला आपल्या पासली गावातली भाताची लावणी सांगितली. एकट्याच्या बैलांनी सगळी खाचरं चिखलून व्हायची नाहीत, म्हणून आज सगळ्या वाडीची औतं तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही दुसऱ्याच्या. पैसा कुणी कुणाला द्यायचा नाही, जेवण मात्र पोटभर घालायचं. त्या दिवशी आईची चूल विझायची नाही. नाचणीच्या भाकरी टोपलीत मावत नाहीत म्हणून धुतलेल्या लुगड्यात बांधून न्यायच्या, वर कुळथाच्या पिठल्याचा टोप, आणि मागं मी पाण्याची घागर घेऊन. बांधावर उभे राहून तुम्ही भाकरी वाटताय, गुडघ्यापर्यंत चिखल, मिशीला पिठलं लागलेलं. आई म्हणतेय, "पुसा ते," आणि तुम्ही म्हणताय, "राहू दे, मागनं लागंल." हे मी सुनेला सांगितलं तर ती इतकी हसली की मला माझ्याच बापाचा थोडा राग आला.

तर इर्जिक चालू होती आणि उन्हाळ्यात तिच्यात विघ्न आलं. लाईट जायची यायची, आली की एकदम जोरात यायची. एका दुपारी क्लासला कुलूप, आत एका पेटीतला पंखा अडकला आणि पेटी आतल्या आत भाजून निघाली. संध्याकाळी दार उघडलं तर वास. शेजारच्या गाळ्यात शेतीपंपाच्या जळलेल्या मोटारीत नवीन तार भरून देणारे चाचा आहेत, ते नाक आत घालून म्हणाले, "वहिनी, ही ग्येली. जळलेल्या तारेचा वास मला शिकवू नका." धाकटा टेम्पो लावून आला, पेटीकडं बघितलं आणि बायकोला म्हणाला, "पोरांना शिकवायला मशिनं घेतली का जगाची वेठ करायला? आपलं जळतंय ते आपल्याला कळंना आणि निघालो दुनियेचं भलं करायला. दसऱ्यापर्यंत बघतो. तवर ह्याचा काही बंदोबस्त झाला न्हाई तर ही इर्जिक बंद. शिकवायचं तेवढं शिकव." इर्जिक हा शब्द त्यानं माझ्याकडं बघून असा म्हटला, की जणू आग मी लावली. बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणून मी फडकं घेऊन काजळी पुसायला लागले. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण भांडले नाही.

सून मात्र रडली बिडली नाही. तिनं त्या रात्रंदिवस राबणाऱ्या पेट्यांवर लक्ष ठेवायला स्वतःच एक प्रोग्राम लिहायला घेतला. प्रोग्राम म्हणजे मशिनाला लिहून दिलेला हुकूम. प्रत्येक पेटीत हिशेब करणारा जो आहे त्याला ती क्लायंट म्हणते, मी गडी म्हणते. गडी आपलं किती काम झालं ते पेटीतच लिहून ठेवतो. सुनेचा प्रोग्राम तिच्या स्वतःच्या मशिनावर बसणार, तारांमधून दर थोड्या वेळानं प्रत्येक गड्याकडं जाणार, किती झालं ते वाचून येणार, आणि पडद्यावर रंगाची पट्टी काढणार. चाललंय तो हिरवा, थांबला तो लाल. पेटी किती तापली तेही दाखवणार. असलं करणारे परदेशातही हौशी लोक आहेत म्हणे, नोकरी सांभाळून करतात आणि एकमेकांना फुकट देतात. मी त्या प्रोग्रामाला मुकादम म्हणायला लागले, आणि तेच नाव पडलं.

पट्ट्यांशेजारी पेट्यांची नावं हवीत. तिनं इंग्रजी आकडे घातले होते, ते मला वाचता येईनात. मी म्हणाले, दुपारी डबा घेऊन मी असते ना हितं, मला कळंल असं लिही. मग आम्ही तुमच्या इर्जिकीतले लोक घातले. दर थोड्या वेळानं थांबणारी ती बिडी. आवाज फार आणि काम बेताचं, ती पुढारी. सगळ्यात जुनी पण एका चालीनं ओढणारी, ती आजी. एक नुसती बसल्या बसल्या गरम होते, तिला आईकडच्या मामाचं टोपणनाव दिलंय, ते तुम्हाला ठाऊक आहे, लिहीत नाही. पुढं हा प्रोग्राम तिनं इंटरनेटवर ठेवला तेव्हा चित्रात ही नावं तशीच गेली आणि कुठल्या तरी थंड देशातल्या माणसानं विचारलं, बिडी म्हणजे काय. तिनं त्याला काय कळवलं देव जाणे. त्यानंही आपल्या एका मशिनाला ते नाव दिलं.

पण पडदा बघायला माणूस समोर पाहिजे, आणि आग लागते ती कुलूप असताना. ह्यावर तिनं जे काढलं ते मला सगळ्यात आवडलं. क्लासच्या फोनची तार मशिनाला जोडलेली होतीच. गडी लाल झाला की मुकादमानं आपणहून तिच्या मोबाईलला फोन लावायचा, वाजू द्यायचा आणि उचलायच्या आत ठेवून द्यायचा. मिस्ड कॉल. आपल्याकडं सगळं गाव त्यावरच चालतं, नसरापूरला उतरलेला माणूस घरी एक मिस्ड कॉल देतो आणि घरातली भात टाकते. परदेशातल्या हौशांना हे सुचलं नव्हतं. त्यांना फोन उचलायची सवय.

पहिले काही दिवस मुकादमानं नुसता ताप दिला. बिडीला अवघड तुकडा मिळाला की ती हळू चालायची, मुकादमाला वाटायचं थांबली, लगेच लाल, लगेच मिस्ड कॉल. सून हातातली पोळी तव्यावर टाकून गाळ्याकडं पळायची. तिथं जाऊन बघते तर बिडी आपली करतेय. एकदा ती वैतागून म्हणाली, "हे मशीनच आळशी हाय, काढूनच टाकते इर्जिकीतनं." तेव्हा मला तुमचं ते बोलणं आठवलं. मी घागर घेऊन बांधावर उभी आहे. खालच्या अंगाला एक गडी औत सोडून बसलाय. मी बोंब मारते, "आबा, तो बघा, तो बसलाय." सगळं खाचर वर बघतं. तुम्ही चिखलातून चालत माझ्यापर्यंत आलात आणि हळूच म्हणालात, "तुला पाणी द्यायला उभी केलीय. इर्जिकीला मुकादम नसतो. बसलेला दिसला की आधी जाऊन पाणी विचारायचं, का बसला ते तो सांगतो." मी गेले, विचारलं. पायात काच गेली होती त्याच्या. आता खरं सांगायचं तर आबा, तो माणूस काच नसतानाही बसायचा, आणि हे तुम्हालाही माहीत होतं. पण सुनेला मी काचेपर्यंतच सांगितलं. तिनं थोडा विचार केला आणि मुकादमाला नवीन हुकूम लिहिला: गडी थांबलेला वाटला तर लगेच बोंब मारू नको, आधी दुसऱ्यांदा जाऊन विचार, मग ठरव. त्यानंतर खोटे फोन थांबले. पण खरा फोन यायचा प्रसंगच येईना, आणि दसरा तर आला. धाकटा म्हणायचा, "हिरव्या पट्ट्या मलापन काढता येतील."

खंडेनवमीला ती दोघं नातीला घेऊन किकवीला गेली, तिच्या वडलांना भेटायला. मी भोरातच राहिले. सकाळी घरातले कोयते, विळे, पावशी, पाटा धुवून मांडले, पूजा केली, नैवेद्य दाखवला. मग मनात आलं, घर कशावर चालतंय, विळ्यावर का त्या पेट्यांवर? त्या तर आज पण राबतायत. त्यांचा कुणी विचार केला नाही. झेंडूच्या माळा आणि ताट घेऊन गाळ्यावर गेले. पूजा केलेलं हत्यार त्या दिवशी चालवत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको. भिंतीवरच्या बोर्डाची बटणं एकेक करून बंद केली, पेट्या पुसल्या, हळदकुंकू लावलं, बिडीला माळ जरा मोठी घातली. सुनेच्या मशिनाला हात लावायची मला बंदी होती, ते मी पाळलं. शिवाय मुकादम कधी राबतो? तो बसूनच असतो, त्याला कसली विश्रांती. त्याला चालू ठेवूनच कुंकू लावलं.

मी उदबत्ती ओवाळतेय आणि फोनातून किरकिर आवाज यायला लागला. बंद झाला, परत लागला. मला वाटलं आज सणाचं काही असेल. मी ओवाळत राहिले. तेवढ्यात दारात चाचा, हातात हाताएवढा लांब पाना, मागं त्यांच्या गल्लीतली दोनतीन माणसं. माझ्याकडं बघून म्हणतात, "वहिनी, सरका बाजूला. कुठं हाय?"

"कोण?"

"चोर."

"चोर कसला, भाई? आत या, पेढा घ्या."

"तुमच्या पोराचा किकवीवरनं फोन आलाय. एकसारखे मिस्ड कॉल येत्यात, हितला फोन लागंना, बघा म्हणला. आमी जेवत्या ताटावरनं उठलो."

"मग तो पाना घेऊन पूजेत कशाला उभं ऱ्हाताय? ठेवा हितं, त्यालापन कुंकू लावते."

चाचांनी माझ्याकडं बघितलं, पेट्यांवरच्या माळा बघितल्या, आणि पाना खरंच ठेवला. मी त्यालाही कुंकू लावलं. मग ते म्हणाले, "आता आज मला ह्यो वापरता यायचा न्हाई म्हणा की." मी म्हणाले, "सण हाय, घरी बसा."

पेढे झाले, चहा झाला, तेवढ्यात मोटारसायकल आली, नातीला किकवीतच ठेवून. धाकटा आधी आत, अंगावर नवीन सदरा, त्यावर आमटी सांडलेली. "आये, काय झालं?" मी म्हणाले, "खंडेनवमी झाली. हत्यारं झोपवल्यात." त्याच्या मागून सून आली. तिनं ना मला बघितलं ना चाचांना, सरळ आपल्या मशिनापुढं गेली. पडद्यावर सगळ्या पट्ट्या लाल, वर मी लावलेलं कुंकू. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आबा. दसऱ्याची मुदत त्यानं दिलेली, आणि नेमकं त्या वेळी मीच सगळी बंद पाडून बसलेली. आता हा म्हणणार, चला, पुरे झालं.

सूनच हसायला लागली. आधी तोंडावर पदर घेऊन, मग खुर्चीत बसून. धाकटा म्हणाला, "हसायला काय झालं?" ती म्हणाली, "कळलं ना पर आपल्याला. आत्यांनी बटणं बंद केली आणि तुमचा वरणभात घशाखाली जायच्या आत आपल्याला किकवीत कळलं."

धाकट्यानं डोक्यावरनं हात फिरवला, टकलावरनं, सवय आहे त्याला. पेट्यांकडं बघितलं, मग फोनकडं. "उन्हाळ्यात हे असतं तर?"

"तर ते मशीन वाचलं असतं."

चाचा म्हणाले, "पोरी, माझ्या गिऱ्हाइकाच्या मोटारीला असलं काय बसवून दे. विहिरीवरची मोटार जळती आणि मालक घरी झोपलेला." त्यांचं बोलणं धाकट्यानं लक्ष देऊन ऐकलं. बायकोचं ऐकून न ऐकल्यासारखं करणारे पुरुष शेजाऱ्याचं पटकन ऐकतात, हे तुमच्या काळीही होतंच. तो दारापर्यंत गेला, परत फिरला आणि म्हणाला, "आज झोपू द्या त्यांना. उद्या सोनं वाटून झालं की चालू करा." एवढंच बोलला. सून पडद्याकडं तोंड करून बसली होती, तिचे खांदे तेवढे खाली आले. मी चाचांना दुसरा पेढा दिला.

दुसऱ्या आठवड्यात तिनं मुकादमाला तिसरा रंग शिकवला, हळदीचा. पेटी आपणहून झोपवली असेल तर लाल नाही, पिवळी. तिच्यासाठी फोन करायचा नाही. प्रोग्रामाखाली तिनं लिहिलं होतं की हा रंग सासूबाईंमुळं आला. थंड देशातल्या त्या माणसानं ते वाचून आपल्या आईला सांगितलं म्हणे. त्या आईनं काय बोध घेतला कळलं नाही. किती लोक मुकादम वापरतात ते मी विचारत नाही, सांगितलं तरी मला ते गाव कुठं ते कळणार नाही. सुनेचे वडील गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या तेराव्याला ती दिवसभर वाढत होती आणि संध्याकाळी मला म्हणाली, "आत्या, भोरला गेलात की गाळ्यावर जाऊन आजीचा पंखा पुसाल का, तापलीय ती." मी गेले, पुसला.

आता ती आठवड्यातून तीन दिवस नसरापूरला शिकवायला जाते, तिथं दुसरा क्लास काढलाय. त्या दिवशी दुपारी हा गाळा माझ्या ताब्यात. हे पत्र तिथंच बसून लिहितेय. पोस्टात टाकायचं तर पत्ता नाही, आणि घरात ठेवायचं तर नातीला आता जोडाक्षरं येतात. म्हणून लिहून झालं की मी ते चाचांच्या शेगडीत घालणार आहे. जे जिवंत माणसाला सांगता येत नाही ते सांगायला लिहितेय, ते आता सांगून टाकते.

दुपार फार लांब असते, आबा. पंखा चांगला असला तरी लांब असते. एकदा चुकून बिडीच्या बटणाला माझा धक्का लागला, आणि थोड्या वेळानं नसरापूरहून फोन. "आत्या, बिडी थांबली?" "व्हय गं, तार हलली असंल. जेवलीस का?" मग तिनं काय जेवली ते सांगितलं, कोण पोर हुशार आहे, कोण नुसतं मिशीला कंगवा करतंय, सगळं सांगितलं. तेव्हापासून ती नसरापूरला गेली की जेवणानंतर मी बिडीचं बटण बंद करते. इर्जिकीतला एक चांगला गडी मी गप्पांसाठी उठवते, परदेशातल्या शास्त्रज्ञांचा तेवढा तुकडा मागं पडतो.

परवा ती म्हणाली, "आत्या, ही बिडी फक्त म्या नसरापूरला असते तवाच बिघडती. बदलून टाकू का?" मी म्हणाले, "राहू दे. वय झालंय तिचं." तिनं माझ्याकडं बघितलं, मशिनापुढं बसली आणि बिडीला दुपारपुरती पिवळी करून टाकली. म्हणजे आता मुकादम फोन करणार नाही. मला मेलीचा राग आला. काल ती नसरापूरला गेली, मी जेवले, बटणाला हातसुद्धा लावला नाही, म्हटलं उपयोग काय. तर फोन वाजला. मुकादमानं सांगून आलेला नव्हे, तिनं आपणहून केलेला. "आत्या, जेवलात का?"

मी म्हणाले, कामात आहे, लवकर बोल. काही काम नव्हतं.